भोक पडलेलं, घासलेलं, ठोकलेलं जुनं नाणं: किंमत कशी काढायची, संग्रह कुठून सुरू करायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या आपल्या पट्ट्यात जुनं नाणं नाही असं घर शोधूनच काढावं लागेल. देव्हाऱ्यात दोन-चार राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये असतात, आजीच्या पेटीत माळेतनं निसटलेला एखादा बंदा रुपया असतो, डब्यात तळाला तांब्याच्या शिवराया असतात. खरं त्यातली बरीचशी नाणी कुठं ना कुठं मार खाल्लेली असतात, कुणाला भोक आहे, कुणाला कडी लावून काढलेली आहे, कुणी चिंच लावून घासलंय. मग नवीन माणूस ते घेऊन सराफाकडं जातो, सराफ म्हणतो मोडीत घाला, आणि घरी आल्यावर मोबाईलवर व्हिडिओ बघतो तर त्यात हेच नाणं लाखाला जातं म्हणून सांगतात. दोन्ही धरून चालू नका.

डॅमेज नाण्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते: नुकसान कुणी केलं, कधी केलं, आणि नाण्यावर नेमक्या कुठल्या जागी झालं. दोनशे वर्षांपूर्वी शराफानं मारलेला ठसा आणि गेल्या दिवाळीत पितांबरीनं घासल्याचे ओरखडे, दोन्ही नुकसानच, खरं पहिलं त्या नाण्याच्या प्रवासाचा भाग आहे आणि दुसऱ्यानं नाण्यावरचं वय पुसून टाकलंय. हे ओळखायला आलं की चांगल्या अवस्थेत आपल्याला कधीच परवडणार नाहीत अशी दुर्मिळ नाणी आपल्या बजेटमध्ये येतात, आणि माझ्या मते नवीन माणसानं सुरुवात इथनंच करावी.

आधी सामान गोळा करा

फार काही लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं सोनारी भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, एक चुंबक, बारीक दोरा, पाण्याची वाटी, आणि मोबाईलचा टॉर्च. व्यास मोजायला व्हर्निअर असेल तर बरंच, नसेल तर पट्टीवर भागतं. आणि एक वही, ती लागतेच लागते. नाणं नेहमी कडेला दोन बोटांत धरायचं आणि खाली मऊ टॉवेल ठेवायचा, म्हणजे हातातनं सुटलं तर आणखी एक डॅमेज आपल्याच नावावर लागत नाही.

ते खरंच डॅमेज आहे का, ते बघा

नवीन लोक इथंच सगळ्यात जास्त फसतात. टांकसाळीतनंच तसं निघालेलं नाणं ते खराब म्हणून देऊन टाकतात.

सोपं उदाहरण म्हणजे भोकाचा पैसा. १९४३ ते १९४७ मधला ब्राँझचा एक पैसा, मधोमध गोल भोक. युद्धाच्या काळात धातू वाचवायला सरकारनंच तो तसा पाडलेला, त्याला भोक नसेल तर उलट संशय घ्यावा.

दुसरं आपल्या शिवराईचं. एका बाजूला तीन ओळींत श्री / राजा / शिव, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत छत्र / पति. हे हातानं पाडलेलं नाणं, तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरनं दुसरा ठसा धरायचा आणि घण मारायचा. ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून 'श्री' अर्धीच दिसते, 'पति'चा 'ति' बाहेर गेलेला असतो, भोवतीचं ठिपक्यांचं वर्तुळ एका बाजूलाच येतं. ह्याला डॅमेज म्हणत नाहीत. घणाच्या मारानं चकतीच्या कडेला चीर पडते तीसुद्धा टांकसाळीतलीच. भिंगातनं त्या चिरेच्या आत बघा, आतला रंग बाहेरच्या तांब्यासारखाच काळपट-तपकिरी असेल तर चीर जन्मापासूनची, आत लाल चकचकीत तांबं दिसलं तर अलीकडं कुणीतरी पक्कडीत धरून वाकवलंय.

आदिलशाहीतली लारी तर बघितल्यावर कुणाला नाणं वाटणारच नाही. चांदीची जाड तार मधनं दुमडून तिच्यावर ठसा मारलेला असतो. एखाद्या घरात असली वाकडी तार सापडली तर ती सरळ करायला जाऊ नका, ती तशीच असते, आणि जुनी चांदी ठिसूळ होते, सरळ करताना मोडते.

आता नुकसान वाचायला शिका

भोकापासून सुरू करतो कारण आपल्याकडं तेच सगळ्यात जास्त. रुपये माळेत ओवायची पद्धत होती, त्यामुळं भोक बहुतेक वेळा राणीच्या किंवा राजाच्या डोक्याच्या वर, कडेजवळ असतं, म्हणजे गळ्यात घातल्यावर चेहरा सरळ राहावा. भिंग लावून भोकाच्या आतली भिंत बघा. जुन्या भोकाची कड दोऱ्यानं घासून गुळगुळीत झालेली असते, वरच्या बाजूला थोडी लांबट झालेली असते कारण सगळा भार तिथंच पडायचा, आणि आतला रंग बाहेरच्या चांदीसारखाच काळवंडलेला असतो. नवीन भोक आतनं चकचकीत, कडेला धातूचा बारीक काटा वर आलेला, बोट फिरवलं तर टोचतो.

भोकाचा एक फायदाही आहे. नाण्याचं पोट तिथं उघडं असतं. वरनं चांदी आणि भोकाच्या आत पिवळं किंवा लालसर दिसलं की समजा मुलामा दिलेला माल आहे. ही तपासणी बिनभोकाच्या नाण्यावर करताच येत नाही.

कडी लावलेलं नाणं भोकापेक्षा फसवं असतं. कडी काढून टाकतात, कड घासून सारखी करतात आणि चांगलं नाणं म्हणून विकतात. पूर्ण कडेवरनं हळूहळू भिंग फिरवा. रुपयाच्या कडेला बारीक खाचा असतात, त्या एखाद्या ठिकाणी अचानक गायब असतील, तिथं गठ्ठा असेल किंवा धातूचा रंग थोडा वेगळा, राखाडी दिसत असेल, तर तिथं सोनारानं डाख दिलेला होता. तसंच भोक बुजवलेली नाणी येतात. माझं मत स्पष्ट आहे, बुजवलेल्या भोकापेक्षा उघडं भोक कधीही चांगलं. उघडं भोक सगळ्यांना दिसतं, बुजवणारा ते लपवायला बसलेला असतो.

शराफी खुणा म्हणजे चांदीच्या नाण्यावरचे बारीक बारीक ठसे, कुठं फूल, कुठं चांदणी, कुठं नुसता खड्डा. पूर्वी एका गावचा रुपया दुसऱ्या गावात चालायचा तर शराफ आधी त्याचा कस बघायचा, पटला की आपली खूण मारायचा. आपला भाग तर वाटेवरचा, कोकण-गोव्याकडनं घाट चढून आलेला माल इथनं देशावर जायचा, त्यामुळं इकडं सापडणाऱ्या मराठा आणि मोगल रुपयांवर अशा खुणा भरपूर. पाश्चात्त्य ग्रेडिंगमध्ये हे डॅमेजच धरतात आणि किंमत खाली येते, खरं ज्याला व्यापाराचा इतिहास आवडतो तो ह्या खुणांसाठीच नाणं घेतो. एकाच नाण्यावर वेगवेगळ्या आकाराच्या खुणा असतील तर ते नाणं किती हातांतनं गेलं ते समोर दिसतं. मला स्वतःला हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो.

कातरलेली नाणी सोन्यात जास्त. कडेनं थोडं सोनं काढून घ्यायचं आणि नाणं पूर्ण म्हणून चालवायचं. इथं वजन बोलतं. विजयनगरचा होन साधारण ३.४ ग्रॅम, अर्धा होन १.७ ग्रॅम, फनम तर ०.३५ ग्रॅमच्या आसपास, डाळीच्या दाण्यापेक्षा लहान. अर्धा होन १.५ भरला तर नुसत्या झिजेनं एवढं जात नाही, कड नीट बघा.

घासलेलं नाणं

ह्यावर थोडं जास्त बोलतो कारण आपल्या घरातलं निम्मं नुकसान इथनंच होतं आणि ते प्रेमानं होतं. लक्ष्मीपूजनाला रुपये काढायचे, चिंच किंवा लिंबू-मीठ लावून, नाहीतर दात घासायच्या पावडरनं चकचकीत करायचे, दुधानं धुवायचे, हळदकुंकू वाहायचं. वर्षानुवर्षं हे चालतं. चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर काढतं आणि त्याबरोबर धातूचा बारीक थरही नेतं, आणि पावडरचे कण ओरखडे पाडतात.

ओळखायचं कसं, तर खोलीतला दिवा बंद करा, मोबाईलचा टॉर्च बाजूनं तिरका मारा आणि नाणं हळूहळू फिरवा. न घासलेल्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो किंवा झिजलेलं असेल तर सगळीकडं सारखा मंद पडतो. घासलेल्यावर एकाच दिशेच्या केसासारख्या बारीक रेघा एकदम उठून दिसतात, मोकळ्या जागेत तर फारच. आणखी एक खूण, अक्षरांच्या कोपऱ्यात आणि राणीच्या केसांच्या घड्यांत काळं किंवा कुंकवाचं लाल राहिलेलं असतं आणि बाकी सगळं आरशासारखं पांढरं. असलं नाणं नव्यासारखं दिसतं म्हणून नवीन माणूस जास्त पैसे देतो आणि जाणकार ते बाजूला सारतो.

पूजा थांबवा असं मी कुणाला सांगणार नाही, आजीशी वाद तर अजिबात घालू नका. पूजेचे दोन रुपये ठरवून घ्या, साधे, कायमचे पूजेचे, आणि बाकीचे तिच्या परवानगीनं वेगळे काढून ठेवा. एवढंच पुरतं.

तुमच्या हातात आलेलं नाणं तुम्ही साफ करू नका. चिंच नाही, ब्रासो नाही, इरेझर नाही, टूथपेस्ट नाही. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, पाणी बदला, मऊ कापडानं चोळायचं नाही, नुसतं टिपून घ्यायचं. तेलकट, चिकट थर असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये काही मिनिटं, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात रंग आणि सेंट घातलेला असतो.

जमिनीतनं आलेलं

तांब्यावरचा हिरवा रंग दोन प्रकारचा असतो आणि हा फरक शिकलाच पाहिजे. एक घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर, तो नाण्याचं रक्षण करतो, त्याला हात लावायचा नाही, बरेच लोक त्यासाठी जास्त पैसे देतात. दुसरा फिक्कट हिरवी पूड, टाचणीनं टोचलं तर भुकटी पडते, खाली खड्डा दिसतो. हा साधा कळंक नव्हे, क्लोराईडमुळं होणारा रोग आहे, दमट हवेत तो नाणं आतनं खात जातो. खानापूरकडच्या पावसात तर फारच लवकर. असं नाणं दिसलं की आधी बाकीच्यांपासनं वेगळं करा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा आणि काही आठवडे पाणी बदलत राहा, मग पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत बंद डबीत ठेवा. नंतरही नजर ठेवा, पूड परत आली तर परत तेच करायचं. विकत घेताना असलं नाणं शक्यतो टाळाच.

खरं की खोटं

डॅमेज नाण्याला नेहमीच्या चाचण्या अर्ध्याच लागू होतात. वजन कमी भरलं तर भोकामुळं की खोटं म्हणून ते कळत नाही. वाजवून बघायची पद्धत आहे, खरं चीर गेलेली खरी चांदीसुद्धा बद्द वाजते. चुंबक लावा, चांदी आणि तांबं चिकटत नाही, खरं त्यावर एकट्यावर विसंबू नका कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही (नावातच सिल्व्हर, आत चांदी नाही) चिकटत नाही. (१९४७ चा वाघाचा रुपया चिकटतो, तो निकेलचा आहे, त्याला खोटा म्हणून टाकू नका.)

चालते ती पाण्याची चाचणी, कारण भोक असो की कातरलेलं, धातूची घनता बदलत नाही. आधी नाण्याचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा, तळाला आणि बाजूला टेकू द्यायचं नाही, बुडबुडे झटकून टाकायचे. काट्यावर जो आकडा येईल त्यानं कोरड्या वजनाला भागा. राणीछाप रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. पाण्यात आकडा १.१३ च्या आसपास यायला पाहिजे, भागाकार १०.३. भोकाचा रुपया ११.४० भरला आणि पाण्यात १.११ दाखवलं तर उत्तर १०.२७, म्हणजे धातू बरोबर आहे. जर्मन सिल्व्हरचा असेल तर उत्तर पावणेनऊच्या आत राहतं. १९४० पासनंच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, तिथं साडेनऊच्या आसपास येतं, तो खोटा नाही, फक्त पूर्ण चांदीचा म्हणून भाव देऊ नका. फनमसारख्या चिमुकल्या नाण्याला ही पद्धत चालत नाही, काटा तेवढा बारीक मोजत नाही.

धातू बरोबर निघाला तरी साल आणि टांकसाळ खरी आहे का ते वेगळं बघावं लागतं. नुकसान नेमकं सालावरच असेल तर सावध व्हा. १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ आहे, १९३८ चा मिळतो, म्हणून ८ कोरून ९ केलेले येतात आणि मग तिथं एखादा टोला मारून ठेवतात म्हणजे जुनं डॅमेज वाटावं. भिंगात शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन बघा, तिथं पोत बदललेला दिसतो.

किंमत कशी काढायची

पहिली पायरी मोडीची किंमत, ह्याच्या खाली नाणं जात नाही. वजन गुणिले चांदीचं प्रमाण गुणिले आजचा भाव. वरचा ११.४० ग्रॅमचा रुपया धरा, गुणिले ०.९१७, म्हणजे साधारण १०.४५ ग्रॅम शुद्ध चांदी. सराफ त्यातनं घट धरेल ते वेगळं. निपाणीच्या लोकांना हुपरी जवळ आहे, चांदीचंच गाव ते, तिथं टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, तपासून मिळतो आणि भावाचा अंदाजही येतो.

दुसरी पायरी, हेच नाणं चांगल्या अवस्थेत कितीला जातं ते शोधा. लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलेली किंमत बघा, कुणी मागितलेली नव्हे. इथं जुनं म्हणजे महाग हा समज सोडावा लागतो. १८६२ सालचे रुपये पुढं दहा वर्षांच्या वर तेच साल घालून पाडत राहिले, ईस्ट इंडिया कंपनीच्या १८४० च्या रुपयाचंही तसंच, त्यामुळं हे साधे आणि भरपूर. उलट १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया बघा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला, सरकारनं ती नाणी मागं घेतली आणि १९१२ ला चित्र बदललं. म्हणून १९११ चा रुपया भोकाचा असला तरी थेट मोडीत घालायचा नाही.

तिसरी पायरी कपात. साध्या नाण्याला डॅमेज असेल तर मोडीचीच किंमत, तिथं जास्त विचार करू नका. दुर्मिळ असेल तर मी असं धरतो: चांगल्या नाण्याच्या किमतीतनं मोडीची किंमत वजा करायची, उरली ती दुर्मिळपणाची किंमत. जुन्या शराफी खुणा असतील तर त्यातली निम्मी शिल्लक राहते, मोकळ्या जागेतल्या जुन्या भोकाला एक तृतीयांश, खरखरून घासलेल्याला पाव, आणि नुकसान सालावर किंवा टांकसाळीच्या नावावर असेल तर जवळजवळ काही नाही. समजा मोड १००० आणि चांगलं नाणं ५०००, म्हणजे वरचे ४०००. शराफी खुणांचं ३००० पर्यंत घ्यावं, भोकाचं २३०० च्या आसपास, घासलेलं २०००. हा माझा खरेदीचा हिशोब आहे, बाजाराचा नियम नव्हे, विकणारा ह्याहून जास्तच सांगणार. खरं हिशोब मनात पक्का असला की दुकानात बसून मोहात पडायला होत नाही.

एनजीसी, पीसीजीएससारख्या नाणी तपासून दर्जाचा नंबर देणाऱ्या कंपन्या डॅमेज नाण्यालाही पाकीटबंद करून देतात, त्यावर नंबरऐवजी 'डिटेल्स' असं लिहून भोक, घासलेलं, दागिन्यातलं असं कारण देतात. खरं-खोटं पटवायला उपयोगी, खरं त्याचा खर्च नाण्याच्या किमतीशी पडताळून बघा, साध्या भोकाच्या रुपयाला ते परवडत नाही.

आपल्या भागातनं काय जमवावं

सुरुवातीला एक भोकाचा राणीछाप मोडीच्या भावात घ्या आणि चार-पाच झिजलेल्या शिवराया. ह्यांच्यावर हात बसवा. शिवराया पेशवाईत आणि त्यानंतरही चालत राहिल्या, त्यामुळं साध्या शिवराईला 'महाराजांच्या काळातली' म्हणून भरमसाट पैसे देऊ नका. अक्षराचं वळण, वजन, ठिपक्यांचं वर्तुळ ह्यावरनं प्रकार वेगळे करता येतात, आणि झिजलेल्या शिवरायांवर हा अभ्यास स्वस्तात होतो. सोन्याचा शिवराई होन कुणी तुटका म्हणून स्वस्तात द्यायला आला तर घेऊ नका, त्याच्या नकला अमाप आहेत.

मग आपल्या गावाच्या नाण्यांकडं या. मोगलांनी बेळगावचं नाव आझमनगर केलं होतं, आणि 'आझमनगर गोकाक' असं टांकसाळीचं नाव फारसीत असलेले रुपये आहेत. आपल्या गोकाकचं नाव रुपयावर, ह्याचा आनंद वेगळाच आहे. ह्या रुपयात सगळी किंमत त्या नावात. बाकी नाणं कितीही ठोकलेलं असो, गोकाक वाचता येतंय तर घ्या, आणि नाणं सुंदर आहे पण नाव चकतीच्या बाहेर गेलंय तर तो फक्त एक साधा रुपया. फारसी येत नसली तरी ते एक नाव कसं दिसतं ते फोटोवरनं डोळ्यात बसवा.

खानापूर तालुक्यातलं हलशी तर गोव्याच्या कदंबांचं ठाणं. त्यांची सोन्याची नाणी सिंहाची, 'श्री सप्तकोटीश लब्धवर प्रसाद' असा लेख. ती चांगल्या अवस्थेत आपल्यासारख्याच्या आवाक्याबाहेर, कातरलेली किंवा कडीची खूण असलेली कधीतरी मिळू शकतात, खरं पक्क्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका. बेळगावजवळ वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहन काळची वस्ती मिळाली, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतही. कोल्हापूरचं टाऊन हॉल म्युझियम एकदा निवांत बघून या, जुनी वस्तू खरी कशी झिजते ते काचेतनं बघितलं तरी डोळा तयार होतो.

पुतळीच्या माळेबद्दल एक सांगायचंच आहे. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचा डुकाट, ३.५ ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ शुद्ध सोनं, व्यापारातनं आपल्या किनाऱ्यावर आलेला. आपल्याकडच्या माळेतल्या बहुतेक पुतळ्या इथंच केलेल्या पातळ नकला असतात, खरं एखादी जाड, जड आणि लॅटिन अक्षरं नीट वाचता येतील अशी निघते. ती सापडली म्हणून माळ तोडू नका. घरातल्या बायकांना विचारा, माळ कुणाची, कुठनं आली ते लिहून घ्या, अख्खी माळ आणि तिची हकीकत एकत्र असली की त्या कडीचं नुकसान नुकसान राहत नाही.

घेताना

बेळगावात खडेबाजार, शहापूरचे जुने सराफ, कोल्हापुरात गुजरी, आणि गावोगावची तांब्या-पितळेची मोड घेणारी भांड्यांची दुकानं. ह्यातलं शेवटचं लोक विसरतात. तिथं जाऊन रोखठोक विचारायचं, "मामा, मोडीत जुने पैसे आलेत काय?" "आलेत की, पोत्यात बघा, वजनावर न्या." ओळख झाली की मामा बाजूला काढून ठेवायला लागतात. दोन रुपये जास्त द्या, पावती मागा, घासाघीस करताना नाण्याला नावं ठेवू नका, डॅमेज कुठं आहे ते दाखवा आणि आपला आकडा सांगा.

शेतात नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेली नाणी कुणी गुपचूप विकायला आणली तर हात लावू नका. निखात निधीचा कायदा १८७८ पासनं आहे, जमिनीत सापडलेलं सरकारला कळवावं लागतं, तहसीलदार नाहीतर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस. तुमच्याच शेतात सापडलं तरी तेच, आणि नाणी मातीसकट तशीच ठेवायची, भांड्यासकट असतील तर भांडंसुद्धा, कारण कुठली नाणी कुठल्याबरोबर होती ह्यातच अभ्यासकाला सगळं कळतं. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते परदेशात पाठवायला बंदी आहे, कुरियरनं विकायचं आमिष कुणी दाखवलं तर नाही म्हणा.

फसवणुकीचे ठरलेले प्रकार: राम-सीता-हनुमानाचं चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली '१८१८' ची नाणी, कंपनीनं असली नाणी कधी पाडलीच नाहीत, ते टोकन आहेत. तांदूळ ओढणारं म्हणून दाखवतात ते काळं, जळकं, मुद्दाम डॅमेज केलेलं नाणं, ती निव्वळ लूट आहे, त्यात घरं बुडालीत. आणि तुमचं नाणं लाखाला घेतो, आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणणारे, रिझर्व्ह बँकेच्या नावानंही असले फोन येतात. असा कुठलाही व्यवहार आम्ही करत नाही आणि कमिशन मागत नाही असं बँकेनं २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय.

ठेवताना

मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं नकोत, त्यातनं चिकट हिरवं सुटतं. कार्डाची खिडकीवाली चौकटी पाकिटं घ्या, पिन मारल्यावर पिनेची टोकं पक्कडीनं दाबून टाका नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा येतो. पावसाळ्याआधी सिलिका जेल बदला. शिशाची नाणी मिळाली, सातवाहन किंवा कोल्हापूरकडच्या कुर राजांच्या काळातली, तर ती लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्यात अजिबात ठेवू नका, लाकडातनं आम्लाची वाफ सुटते आणि शिशाची पांढरी पूड होते, घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा चांगल्या कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवा आणि हाताळल्यावर हात धुवा.

वहीत प्रत्येक नाण्याला एक पान. धातू, वजन, व्यास, पाण्यातला आकडा, काय वाचता येतं, कुठनं घेतलं, किती दिले, आणि डॅमेज शब्दांत: "डोक्यावर भोक, जुनं, कड गुळगुळीत, उजव्या बाजूला दोन शराफी खुणा." शेजारी तिरक्या उजेडातला फोटो. पुढं कधी विकायची वेळ आली तर हीच ओळ जशीच्या तशी पाकिटावर लिहून द्या आणि घेणाऱ्याच्या हातात आधी भिंग द्या, नाणं नंतर.